थेट कार्यक्रमाची जोखीम कोणी उचलायची? वादक-गायकांचे मानधन आणि त्यांना मिळणारी वागणूक

साथसंगत (धागाकर्ते)

क्लब, उपाहारगृहे, लहान सभागृहे अशा ठिकाणी होणाऱ्या थेट कार्यक्रमांत वादकांना आणि गायकांना किती पैसे मिळावेत असा विषय निघाला, की बोलणे लगेच आकड्यावर येते आणि तिथेच अडकून राहते. मी बरीच वर्षे साथीदार म्हणून कीबोर्ड वाजवत आलो आहे. आकड्याच्या आधी एक प्रश्न निकालात काढावा लागतो, असे माझे मत आहे: कार्यक्रमाला माणसे आली नाहीत, तर तो तोटा कोणी सोसायचा? तारीख कोणती, तिकिटाचा दर काय, जाहिरात कधी आणि कुठे करायची, हे सगळे निर्णय ठिकाणाचे चालक किंवा आयोजक घेतात. त्यांपैकी एकाही बाबतीत वादकाला विचारले जात नाही, पण तोटा झाला की तो सर्वांत आधी त्याच्याच मानधनातून वळता केला जातो. निर्णय ज्याचा, जोखीम त्याची, या तत्त्वावर ही व्यवस्था उभी करता येईल का, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

कार्यक्रमानंतर हाती पडणारा हिशोबाचा कागद उदाहरणादाखल पाहू. तिकिटांचे उत्पन्न १,००० धरा, आणि ‘खर्च वजा जाता उरेल त्याचे ८० टक्के कलाकारांना’ असे तोंडी ठरले आहे असे समजा. खर्चाच्या रकान्यात ध्वनियंत्रणा २००, जाहिरात १००, तिकीट तपासनीस ८०, सुरक्षा ७० आणि ‘इतर’ ५० असे लिहिलेले असते. उरतात ५००, त्यांचे ८० टक्के ४००, आणि वादक पाच असतील तर प्रत्येकी ८०. आता प्रेक्षक निम्मेच आले असे धरा. उत्पन्न ५००, खर्च तेवढाच ५००, वादकांच्या वाट्याला शून्य. तिकीट तपासनिसाला त्याही रात्री ८० मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत, कारण त्याने आपले काम चोख केलेले असते. वादकांनीही ते केलेले असते. त्याच रात्री खाण्यापिण्याची जी विक्री झाली, तिचा मात्र या कागदावर कुठे उल्लेखही नसतो.

यात वेळेचा हिशोब अजून धरलेलाच नाही. वादन दीड तासाचे असले, तरी सामान उतरवणे, वाद्ये लावणे, साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी), त्यानंतरची ताटकळ, आणि सगळे संपल्यावर केबल गुंडाळून सामान पुन्हा गाडीत चढवणे हे मिळून कामाचा पुरा दिवस होतो, आणि त्याआधीच्या तालमी वेगळ्याच. मानधन ठरवताना हा सगळा काळ ‘काम’ म्हणून मोजला गेला पाहिजे.

सभागृह_चालक

धागाकर्त्यांनी मांडलेला हिशोब खरा आहे, आणि मी त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. एका लहान सभागृहाचे व्यवस्थापन मी पाहतो. जोखीम आम्ही घेत नाही, असा सूर लागत असेल तर तो मला मान्य नाही. भाडे, वीज, विमा, परवाने, कर्मचाऱ्यांचे पगार हे खर्च कार्यक्रम असो वा नसो, दर महिन्याला चुकवावेच लागतात. ब्रिटनमध्ये लहान ठिकाणांच्या हितासाठी २०१४ साली म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात तिथल्या १२५ लहान ठिकाणी थेट संगीत बंद पडले, आणि जी टिकली त्यांच्या नफ्याचे सरासरी प्रमाण जेमतेम अर्धा टक्का होते. अर्ध्या टक्क्यातून कोणाला काय द्यायचे?

म्हणून वादक विरुद्ध सभागृह अशी मांडणी करण्याआधी, पैसा या क्षेत्रात वरच्या पातळीवर कुठे साठतो हे पाहावे असे मला वाटते. आज जे कलावंत मोठमोठी मैदाने भरतात, ते कधीतरी आमच्यासारख्यांच्याच रंगमंचावर शिकले. ब्रिटिश संसदेच्या सांस्कृतिक समितीने मे २०२४ मध्ये शिफारस केली की मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांतून लहान ठिकाणांसाठी अधिभार बाजूला काढावा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारनेही या ऐच्छिक अधिभाराला पाठिंबा दिला. फ्रान्समध्ये तर अशा कार्यक्रमांच्या तिकीट-उत्पन्नावर ३.५ टक्के कर आहे, तो राष्ट्रीय संगीत केंद्राकडे जातो आणि तिथून या क्षेत्राच्या मदतीसाठी वापरला जातो. वादकांचे मानधन वाढायचे असेल, तर लहान ठिकाणांच्या तिजोरीत आधी काहीतरी यावे लागेल.

नवे_सूर

मी गायिका आहे आणि अजून मुख्य कार्यक्रमाच्या आधीच्या सत्रातच गाते. साथसंगत दादांनी निदान मानधन शून्यापर्यंत येते असे लिहिले. आमच्या बाबतीत ते शून्याच्याही खाली जाते. एका आयोजकाने आम्हांला तिकिटांचा गठ्ठा आधी रोख पैसे देऊन घ्यायला लावला. ती तिकिटे विकली गेली तर आमचे पैसे सुटणार, नाहीतर गेले. वर हेही ऐकवले की इथे गायला मिळते आहे हीच मोठी प्रसिद्धी आहे. मी नातेवाइकांना आणि मैत्रिणींना गळ घालून तिकिटे खपवली. त्यांतल्या बहुतेक जणी माझे गाणे संपताच निघून गेल्या, त्यामुळे ज्या ‘नव्या श्रोत्यांसमोर’ मला आणायचे होते ते श्रोते मीच गोळा केलेले होते. नवोदितांनी अशी अट मान्य करावी का, की ठाम नकार द्यावा, हे जाणकारांकडून समजून घ्यायला आवडेल. नकार दिला तर जागा दुसऱ्या कोणाला जाते, हे मला दिसते आहे.

करारवाचक

नवे सूर, ही पद्धत जुनी आहे. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप भागातल्या क्लबांत ती इतकी फोफावली की ‘पे टू प्ले’ हे नाव तिला कायमचे चिकटले. नव्या वाद्यवृंदांनी तिकिटे आगाऊ विकत घ्यायची आणि मग ती रस्त्यावर उभे राहून खपवायची, असा तो प्रकार होता. त्यात आयोजकाची कार्यक्रम चांगला करण्याची गरजच संपते, हे तिचे खरे दुखणे आहे. सभागृह रिकामे राहिले तरी त्याचे पैसे आधीच वसूल झालेले असतात, त्यामुळे जाहिरात करण्याचे, योग्य कलाकार एकत्र आणण्याचे त्याला कारण उरत नाही. धागाकर्त्यांचे तत्त्व इथे अगदी उलटे झालेले दिसते.

राहिला प्रसिद्धीचा मुद्दा. तो निकालात निघून शतक उलटले, असे मी म्हणेन. १८४७ साली पॅरिसमधल्या ‘कॅफे दे झांबासादर’मध्ये एर्नेस्ट बूर्झे या गीतकाराने आपलीच रचना तिथे गायली जात असल्याचे पाहिले आणि प्यायलेल्या पेयाचे पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझ्या कामाचे पैसे देत नाही, मग मी तुमच्या कामाचे का द्यावेत, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्यातूनच पुढे १८५१ साली ‘सासेम’ ही रचनाकारांची संस्था उभी राहिली. अमेरिकेत १९१७ साली व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकारांनी शॅनलीज या उपाहारगृहाविरुद्ध चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असा युक्तिवाद झाला की आम्ही संगीतासाठी वेगळे तिकीट घेत नाही, सबब आम्ही त्यातून नफा कमावत नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी तो फेटाळला. संगीत परवडले नसते तर ते बंदच केले असते, आणि परवडते आहे त्याअर्थी त्याचे पैसे लोकांच्याच खिशातून येत आहेत, असे त्यांनी लिहिले. हे दोन्ही निकाल रचनाकारांच्या हक्काचे आहेत, वादकांच्या मानधनाचे नाहीत, हे मी स्पष्ट करतो. तरीही त्यांतला तर्क धागाकर्त्यांच्या हिशोबातल्या त्या न दाखवलेल्या रकान्याला नेमका लागू पडतो. लोक ज्या संगीतासाठी बसून राहिले आणि खात-पीत राहिले, त्या संगीताने कमावलेले पैसे हिशोबात धरायलाच हवेत.

नवे सूर, माझे उत्तर असे की तिकिटे विकायला मदत करणे आणि ती विकत घेणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मदत अवश्य करावी. आगाऊ पैसे मागितल्यास नकार द्यावा, आणि तो लेखी द्यावा.

ध्वनिमिश्रक

चर्चा पैशांभोवती फिरते आहे, ते योग्यच आहे, पण शीर्षकात वागणूक हा शब्दही आहे. मी ध्वनियंत्रणा सांभाळतो, त्यामुळे वादकाला पहिल्या तासातच काय मिळते ते मला समोर दिसते. सामान आत आणायला मोकळा दरवाजा आहे का, कपडे बदलायला आणि वाद्य निर्धास्त ठेवायला कुलूपबंद खोली आहे का, पिण्याचे पाणी आहे का, रात्री उशिरा एकट्या निघणाऱ्या गायिकेला गाडीपर्यंत कोणी सोबत करते का. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही. साउंडचेकच्या वेळेला तर काहीच खर्च नसतो. दुपारची ठरलेली वेळ पुढे ढकलत ढकलत दारे उघडण्यापर्यंत आणायची, मुख्य कलाकारांनी सगळा वेळ घ्यायचा आणि आधीच्या सत्रातल्यांना दोन ओळी म्हणून खाली उतरवायचे, हे मी वारंवार पाहतो. मग त्या गायिकेला मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या ध्वनिवर्धकात, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, ती ताणून गाते, आणि दोष तिच्या तयारीला दिला जातो.

दुसरी गोष्ट कानांची. आवाजाची पातळी सुरक्षित ठेवणे हा कामाच्या जागेचा नियम आहे, वादकाची वैयक्तिक हौस नव्हे. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी आवाज किती असावा याचे २००५ चे नियम संगीत आणि मनोरंजन क्षेत्राला एप्रिल २००८ पासून लागू झाले. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली जर्मन संगीतकार वाग्नरच्या एका संगीतनाट्याच्या तालमीत ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्ये थेट पाठीमागे बसवल्यामुळे एका व्हायोलावादकाच्या श्रवणशक्तीला कायमची इजा झाली. संस्थेचे म्हणणे होते की मोठा आवाज हा कलेचाच भाग आहे. २०१८ साली उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही, आणि २०१९ साली अपील न्यायालयानेही संस्थेला जबाबदार धरणारा निकाल कायम ठेवला. एवढ्या प्रतिष्ठित संस्थेला जो नियम लागू होतो, तो छोट्या क्लबातल्या ड्रमवादकाशेजारी रात्रभर उभ्या असलेल्या गिटारवादकालाही लागू व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यात पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली आहे. ती मुख्यतः प्रेक्षकांसाठी आहे. वादक त्या जागेत प्रेक्षकापेक्षा कितीतरी अधिक रात्री काढतो.

साथसंगत (धागाकर्ते)

ध्वनिमिश्रक, आपण हा मुद्दा मांडलात ते फार बरे झाले. वागणूक ही सौजन्याची बाब मानून सोडून दिली जाते, पण ती करारात लिहिता येते आणि लिहिली गेलेलीही आहे. अमेरिकेत नॉर्मन ग्रांझ हे जॅझ कार्यक्रमांचे आयोजक आपल्या करारात अटच घालत असत की प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवले जाणार नाही. कृष्णवर्णीय वादकांना गोऱ्या वादकांइतकेच मानधन आणि तशीच राहण्याची सोय मिळेल याबद्दलही ते आग्रही होते. १९५५ साली ह्यूस्टनमध्ये त्यांनी ही अट पाळायला लावली, तेव्हा पोलिसांनी जुगाराचे निमित्त करून कार्यक्रमादरम्यान त्यांना, गायिका एला फिट्झजेराल्ड आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांना अटक केली. तरीही अट मागे घेतली गेली नाही. बीटल्सच्या १९६५ च्या एका करारातही वर्णानुसार विभागलेल्या प्रेक्षकांसमोर वाजवण्याचे बंधन आमच्यावर राहणार नाही, असे कलम होते. ज्याच्याकडे वजन आहे त्याने आपल्या करारात एक कलम घातले, की त्याचा लाभ ज्यांच्याकडे वजन नाही त्यांनाही होतो. म्हणून मुख्य कलाकारांनी आपल्या करारात ‘आधीच्या सत्रातील कलाकारांना ठरलेले मानधन आणि किमान अमुक मिनिटांचा साउंडचेक’ ही एक ओळ घालावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

सभागृह चालकांचा मुद्दा मी टाळत नाही. आपल्या अडचणी खऱ्या आहेत. पण आपल्या ठिकाणाचे वीजबिल तिकीटविक्रीवर अवलंबून नसते, तर वादकाचे मानधन का असावे? पैसे कमी असतील तर पाच वादकांऐवजी तीन बोलवावेत, आठवड्यात एक कार्यक्रम कमी करावा. पण जो बोलावला, त्याला ठरलेली किमान रक्कम मिळावी.

सभागृह_चालक

हे म्हणणे मी मान्य करतो, आणि वादक कमी बोलवण्याची आपली सूचना प्रामाणिक आहे असेही म्हणतो. मात्र एक धोका लक्षात आणून देतो. २०२३ साली लाइव्ह नेशन या कार्यक्रम आयोजित करणाऱ्या बलाढ्य कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या क्लबांत कलाकारांच्या टी-शर्ट आणि ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतला वाटा घेणे थांबवले, आणि शिवाय कार्यक्रमागणिक १,५०० डॉलर प्रवासखर्चापोटी देऊ केले. वादकांना ते अर्थातच हवेसे होते. स्वतंत्र ठिकाणांच्या संघटनेने तेव्हाच सांगितले की आम्हांला हे झेपणार नाही आणि अशाने कलाकार आमच्यापासून तुटतील. चांगल्या वागणुकीचा खर्च फक्त मोठ्यांनाच परवडला, तर काही वर्षांनी वादकापुढे वाटाघाट करायला एकच दार उरेल.

साथसंगत (धागाकर्ते)

धोका खरा आहे. पण कलाकाराच्या टी-शर्टच्या विक्रीतला वाटा सोडून देणे लहान ठिकाणांनाही जमलेले आहे. ब्रिटनमध्ये फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेने २०२२ साली असा वाटा न घेणाऱ्या ठिकाणांची यादीच करायला घेतली, आणि तीत लहान ठिकाणे आपणहून सामील झाली. जो माल कलाकाराने स्वतःच्या पैशाने छापला, स्वतः वाहून आणला आणि वादन झाल्यावर थकलेल्या अंगाने टेबलामागे उभे राहून विकला, त्यातला हिस्सा मागण्याचे समर्थन मला कुठल्याच बाजूने करता येत नाही.

लहान ठिकाणासाठी मला व्यवहार्य वाटते ती रचना अशी आहे. एक माफक हमी रक्कम ठरवावी, तिला तिकीटविक्रीचा स्पर्शही होऊ नये. खर्चाची यादी तारीख पक्की करतानाच लिहून द्यावी, तिला कमाल मर्यादा असावी आणि ‘इतर’ हा रकाना तीत नसावा. विक्री त्या मर्यादेपलीकडे गेली की पुढचा मोठा हिस्सा कलाकारांना मिळावा. मोठ्या कार्यक्रमांत हे रूढच आहे: हमी आणि खर्च यांवर आयोजकाचा ठरावीक नफा, बहुधा १५ टक्के, धरला जातो आणि त्यापुढच्या रकमेचे ८५ टक्के कलाकाराला जातात. तिथे आयोजकाचा नफाही कागदावर लिहिलेला असतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लिहिलेल्या नफ्यावर भांडण होत नाही.

करारवाचक

अशी हमी एकट्या वादकाने मागून मिळत नाही, हे नवे सूर यांनी आधीच सांगितले आहे. म्हणून संघटनांकडे पाहावे लागते. ब्रिटनमधली वादकांची संघटना १८९३ सालची, अमेरिकेतली १८९६ सालची. त्या किमान दर ठरवत आल्या. मात्र वादक जर कायद्याच्या नजरेत नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक असेल, तर सगळ्यांनी मिळून दर ठरवणे ही स्पर्धाविरोधी संगनमताची कृती ठरू शकते. हा अडथळा पुष्कळ वादकांना माहीतच नसतो.

यावरचे दोन निकाल जपून ठेवण्यासारखे आहेत. नेदरलँड्समध्ये वाद्यवृंदांतल्या बदली वादकांसाठी झालेल्या सामूहिक करारात अशी तरतूद होती की स्वतंत्र वादकाला नोकरदार बदली वादकाच्या मानधनापेक्षा १६ टक्के अधिक मिळावेत. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने तिला हरकत घेतली. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की जो वादक नावापुरताच स्वतंत्र आहे आणि प्रत्यक्षात नोकरासारखाच काम करतो, त्याच्यासाठी असा करार करता येतो. २०२२ साली युरोपीय आयोगाने एकट्याने काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांच्या सामूहिक करारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वेही काढली. दुसरा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९६८ सालचा. तिथे वृंदप्रमुखांनीच संघटनेविरुद्ध तक्रार केली होती की आम्ही यजमानाकडून किमान किती घ्यावे हे संघटना का ठरवते. न्यायालयाने संघटनेची बाजू उचलून धरली, कारण वृंदप्रमुखाने काम मिळवण्यासाठी स्वतःचा दर पाडला, की तो तोटा अखेर साथीदारांच्या मानधनातूनच भरून काढला जातो.

फ्रान्सने वेगळा मार्ग धरला आहे. तिथे कार्यक्रमासाठी बोलावलेला कलाकार नोकरच आहे असे कायदा गृहीत धरतो, आणि बारा महिन्यांत ५०७ तास काम केलेल्याला मधल्या रिकाम्या काळात बेरोजगारी भत्ता मिळू शकतो.

नवे_सूर

१९६८ च्या निकालाने एक न बोलली जाणारी गोष्ट समोर आणली. मी स्वतः कार्यक्रम घेते तेव्हा माझे साथीदार माझ्याकडून पैसे घेतात. आयोजकाने मला कमी दिले तर मी त्यांना कमी द्यावे का? की ठरलेले देऊन मी तोटा सोसावा?

साथसंगत (धागाकर्ते)

साथीदाराच्या बाजूने सांगतो. कार्यक्रम स्वीकारायचा की नाही हे आपण ठरवता, तेव्हा साथीदारापुरत्या आयोजक आपणच आहात, आणि वर लिहिलेले तत्त्व आपल्यालाही लागू होते. साथीदाराला तालमीसकट ठरलेले मानधन द्यावे. ते परवडत नसेल तर आधीच तसे सांगून, सगळ्यांनी समान वाटून घेण्याचा करार करावा आणि मग हिशोबाचा कागदही सगळ्यांना दाखवावा. जे साथीदार दर वेळी ‘बघू, काय मिळेल ते देऊ’ या भरवशावर येतात, ते काही काळाने येणे थांबवतात.

आपल्या स्वतःच्या रचना गात असाल तर आणखी एक सांगतो. बऱ्याच देशांत ठिकाणाने रचनाकारांच्या संस्थेला परवाना शुल्क भरलेले असते. गायलेल्या गाण्यांची यादी संस्थेकडे नोंदवली तर त्यातला वाटा रचनाकाराला मिळतो. ब्रिटनमध्ये पीआरएस आणि अमेरिकेत अॅस्कॅप व बीएमआय या अशा संस्थांकडे लहान ठिकाणच्या कार्यक्रमांसाठीही अशी नोंद करण्याची सोय आहे. ही रक्कम मानधनाच्या बदल्यात नसते, त्याहून वेगळी असते, त्यामुळे आयोजकाने तिचा दाखला देऊन मानधन कमी करू पाहिले तर ऐकू नये.

सभागृह_चालक

रद्द झालेल्या कार्यक्रमाबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. तारखेच्या दोन दिवस आधी आम्हांला कार्यक्रम रद्द करावा लागला तर काय द्यावे? आणि वादकाने रद्द केला तर?

करारवाचक

तारीख जवळ येईल तशी देय रक्कम वाढत जावी, हा सर्वांत न्याय्य मार्ग आहे. एक महिना आधी कळवल्यास फक्त विसार वादकाकडे राहावा, दोन आठवड्यांच्या आत रद्द केल्यास अर्धे मानधन, आणि आपण म्हणता तसे दोन दिवसांवर आल्यास पूर्ण मानधन, कारण त्या रात्रीचे दुसरे काम वादकाने तोवर नाकारलेले असते. वादकाने रद्द केल्यास त्याने विसार परत करावा आणि शक्य असेल तर बदली कलाकार सुचवावा. आजारपणाचा अपवाद दोन्ही बाजूंना सारखाच असावा. पूर, वादळ, सरकारी बंदी अशा कोणाच्याच हातात नसलेल्या कारणांसाठी वेगळे कलम ठेवावे, आणि त्यात निदान झालेला प्रवासखर्च देण्याची तरतूद असावी. हे सगळे एका पानात मावते. आपली हरकत नसेल तर आपल्या सभागृहापुरता असा मसुदा मी तयार करून याच धाग्यावर देतो. साथसंगत आणि ध्वनिमिश्रक यांनी तो वाचून त्यात साउंडचेक आणि आवाजाच्या पातळीची कलमे घालावीत.

सभागृह_चालक

हरकत नाही. खर्चाची यादी मी देतो, ‘इतर’ हा रकाना वगळून.